हसण्याची शिकवणी

"मग, या आठवड्यात कसं वाटलं?" डॉक्टरांनी विचारलं, आणि टेबलाखाली आईने लेकीचं मनगट दोनदा दाबलं.

लेक हसली. हसू अगदी मापातलं. दात थोडे दिसले, डोळ्यांच्या कडा किंचित आवळल्या, मान जराशी कलली. "बरं वाटलं," ती म्हणाली. मनगटावर आणखी एक दाब आला, तशी तिने नजर उचलून डॉक्टरांच्या दोन भुवयांच्या मधोमध टेकवली. समोरच्याला वाटावं, पोरगी डोळ्याला डोळा देऊन बोलते आहे.

"छान," डॉक्टर म्हणाले. हे मनाचे डॉक्टर वयाने उतरणीला लागलेले, मऊ आवाजाचे गृहस्थ होते. बोलताना चष्मा काढून हातात धरायची त्यांना सवय होती. "आपल्या दवाखान्यातल्या मंडळात मन रमतंय ना?"

"रमतंय."

"सगळ्यांशी बोलतेस?"

पुन्हा दोन दाब. "हो, सगळे चांगले आहेत."

डॉक्टर आईकडे वळले. "आणि घरी?"

"घरी अजून जरा गप्प गप्प असते," आई म्हणाली. "पण पहिल्यापेक्षा बरीच सुधारणा आहे."

ही सुधारणा कुठून आली ते तिचं तिलाच ठाऊक. त्याच सकाळी लेक कपाट आणि भिंत यांच्यामधल्या फटीत अंग चोरून बसली होती आणि मुठीने स्वतःच्या मांडीवर ठोके देत होती, घड्याळासारखी, एका लयीत. आईने तिला दंडाला धरून बाहेर काढलं, केस विंचरले, धुतलेला सदरा अंगात चढवला आणि विनवलं, "डॉक्टरांसमोर तेवढी नीट वाग. माझ्यासाठी." आजाऱ्याला निरोगी दिसायला सांगून डॉक्टरकडे नेणारी आई, असं कोणी तोंडावर म्हटलं असतं तर ते तिच्या जिव्हारी लागलं असतं. पण म्हणणारं कोणी नव्हतं. आणि घरातली सवय म्हणजे पाठीवरचा तीळ. ज्याचा त्याला दिसत नाही.

ही मनगटाची भाषा त्या दोघींत मुलगी सहा वर्षांची असल्यापासून चालत आली होती. आई तेव्हा एका मोठ्या कार्यालयाच्या दर्शनी टेबलामागे बसायची. येणाऱ्या-जाणाऱ्याला हसून सामोरं जायचं, हेच तिचं काम आणि हीच तिची भाकरी. नवरा ऐन उमेदीत गेलेला. पदरात ही एकच. कार्यालयाचा वर्षाचा समारंभ होता. सगळ्यांनी आपापली मुलंबाळं आणली होती, तशी हिनेही आणली. कर्ण्यावर गाणी सुरू झाली आणि पोर टेबलाखाली शिरली. दोन्ही कान गच्च दाबून अशी किंचाळायला लागली की गाणी बंद करावी लागली. भीतीने तिचा फ्रॉकही ओला झाला. साहेबांची बायको नाकाला रुमाल लावून म्हणाली, "अशा मुलांना घरी ठेवायचं असतं." हळूच म्हणाली, पण गाणी बंद होती. सगळ्यांनी ऐकलं.

त्या दिवशी आईला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. दुसऱ्या दिवशी टेबलामागे बसून ती सगळ्यांकडे बघून नेहमीसारखी हसली आणि संध्याकाळी घरी येऊन तिने शिकवणी सुरू केली. एकदा दाबलं की वर बघायचं. डोळ्यांत बघणं जमत नसेल तर भुवयांच्या मध्ये बघायचं. दोनदा दाबलं की हसायचं. आणि हात बराच वेळ दाबून धरला की बोलणं थांबवायचं, कारण पोरगी बोलायला लागली की एकाच विषयावर बोलायची. प्राण्यांचे दात. सशाचे दात जन्मभर वाढत राहतात, शार्कचे पडले तरी परत येतात. पाहुण्यांच्या हातातला चहा निवून जायचा, तरी तिचा शार्क संपत नसे.

शिकली मात्र लवकर. लोक म्हणू लागले, किती गोड मुलगी, किती शहाणी. शाळेतल्या एका बाईंनी तेवढं बोलावून सांगितलं, "वर्गात छान वागते, पण मधल्या सुट्टीत हिला एकटीला कोपऱ्यात बघितलंय मी. कुणा तज्ज्ञाला एकदा दाखवा. लवकर कळलं तर तिचंच बरं होईल." आईने त्या बाईंचे आभार मानले, हसून मानले, आणि पुढच्या वर्षी शाळा बदलली. झाकली मूठ सव्वा लाखाची.

समारंभाहून परतलं की लेक त्या कपाटामागच्या फटीत जाऊन बसे. रात्रीचं जेवणही नको म्हणे. आई म्हणे, "झाली का नाटकं सुरू. तिथे तर कशी छान हसत होतीस."

आई तशी भाविक. अंघोळ करून देवापुढे बसल्याशिवाय पाण्याचा घोटही घ्यायचा नाही, हा तिचा रोजचा नेम; तापात फणफणली तरी मोडला नाही. मागणंही रोज तेच: देवा, हिला चारचौघींसारखी कर. आणि लेक चारचौघींसारखी दिसू लागली तेव्हा आईने हात जोडून त्याचे आभारही मानले. त्याने ऐकलं, असं तिला वाटलं.

शिक्षण झालं आणि लेकीला दातांच्या कवळ्या बनवण्याच्या लॅबमध्ये काम मिळालं. ते काम जणू तिचीच वाट बघत होतं. मागच्या बाजूला लहानशी खोली, एक खिडकी, एक दिवा, समोर प्लास्टरचे साचे. मेणात दात बसवायचे, बारीक कोरणीने हिरडीचा आकार काढायचा, दाताच्या रंगांची पट्टी उजेडात धरून छटा जुळवायची. कोणाशी बोलायला नको. लॅबमधले तिला 'मास्तरीण' म्हणत, कारण कुणाचा दात किंचित तिरका बसला तर ती शेजारून जाताजाताच सांगे. ती काही वर्षं आईलाही सोन्यासारखी गेली.

मग मालकाने जागा वाढवायला घेतली. मधल्या भिंती पाडल्या, सगळ्यांना एका लांब टेबलाशी बसवलं. घासण्याची यंत्रं, दोन रेडिओ, वर पांढऱ्याफटक नळ्यांचा उजेड. शिवाय मालक म्हणाला, "तुझा चेहरा हसरा आहे, तू दुपारी पुढच्या काउंटरवरही बस." हसरा चेहरा. आईला ते ऐकून मूठभर मांस चढलं होतं. आपली विद्या लेकीच्या कामी आली म्हणायची.

लेक काउंटरवर बसली. हसली. आणि काही महिन्यांत आतून विझत गेली. आधी जेवण तुटलं, मग झोप. मग कपडे बदलायचंही सुचेना. एका सकाळी ती अंथरुणातून उठलीच नाही. बोलायला तोंड उघडे, पण शब्द बाहेर येत नसे. आईची मोठी बहीण शेजारच्या गल्लीत राहायची. ती बघायला आली आणि दारातूनच म्हणाली, "लोकांचे दात घडवता घडवता हिचीच दातखिळी बसली की ग."

"ताई, चेष्टा नको," आई म्हणाली.

"चेष्टा कुठे करते? डॉक्टरला दाखव म्हणते आहे. लाजतेस कसली? हल्ली सगळे जातात."

म्हणून त्या दोघी मनाच्या डॉक्टरांकडे आल्या होत्या. पहिल्या भेटीत डॉक्टरांनी उदासीचा आजार सांगितला, गोळ्या दिल्या आणि विचारलं, "लहानपण कसं होतं हिचं? बोलणं, खेळणं, मित्रमैत्रिणी? सगळं वेळेवर?"

"अगदी वेळेवर," आई म्हणाली होती. "चारचौघींसारखी."

लेकीने मान वळवून आईकडे बघितलं होतं. त्या बघण्यात राग नव्हता. एखादा हिशेब जुळत नाही म्हणून माणूस बघतो, तसं बघणं. आईने तिचं मनगट बराच वेळ दाबून धरलं.

डॉक्टरांनी त्यावरून पुढचं ठरवलं. पोरगी एकटी पडली आहे, माणसांत मिसळली पाहिजे. दवाखान्यात एक मंडळ भरायचं. उदास माणसं गोल करून खुर्च्यांवर बसत, एकेकाने मनातलं बोलायचं, शेजाऱ्याचा हात हातात घ्यायचा, शेवटी सगळ्यांनी मिळून टाळ्या वाजवून मोठ्याने हसायचं. एक तरुण समुपदेशक बाई ते चालवायच्या. आईला ही कल्पना फार पसंत पडली. ताईला तर त्याहून. "माणसांत राहिलं की माणूस बरा होतो," ताई म्हणाली. "मी नाही का, तुझे भावजी गेल्यावर पोहायला शिकले. बुडले नाही ना?"

"तू बुडत नाहीस ग, पाणीच बाजूला होतं."

दोघी बहिणी हसल्या. लेक खिडकीशी बसली होती. ती हसली नाही, कारण कोणी दाबलं नव्हतं.

मंडळाच्या वेळी आईला आत जाता येत नसे. ती बाहेरच्या बाकावर जप करत बसे. दार उघडे, आतले लोक मोकळे होऊन बाहेर पडत. कोणी डोळे पुसत, कोणी गप्पा मारत. आणि समुपदेशक बाई म्हणत, "फार छान सहभाग घेते हो." आईचा ऊर भरून येई. मग जिन्याच्या वळणावर लेक मटकन खाली बसे आणि डोकं मागे भिंतीवर आपटत राही, हळूहळू, डोळे मिटून. आई आजूबाजूला बघे. कोणी येत तर नाही ना. "ऊठ, लोक बघतील," ती कानाशी कुजबुजे. डॉक्टरांना हे जिन्यातलं तिने सांगितलं नाही. सांगितलं असतं तर, मंडळात छान वागते आणि इथे हे काय, असं ते म्हणाले असते, आणि मग सगळंच उघडं पडलं असतं. घरी जेवत-झोपत नाही, एवढंच सांगितलं, म्हणून गोळ्या वाढल्या. घरी लेक आता दिवसचे दिवस फटीत बसू लागली.

असं होता होता एका दुपारी समुपदेशक बाईंनी आईला आत बोलावलं. डॉक्टरही तिथेच होते. लेक बाजूच्या खोलीत होती.

"काकू, तिचं मनगट बघितलंत का तुम्ही?" बाईंनी विचारलं.

"का? काय झालं?" आईने विचारलं.

"निळं पडलंय. आतल्या बाजूने नखांचे व्रण आहेत, एका ठिकाणी कातडी फाटली आहे. ती दुसऱ्या हाताने दाबते. मंडळात मी बघितलं. सारखी दाबत असते, इतक्या जोरात की बोटं पांढरी होतात. मी विचारलं तर हसली फक्त."

डॉक्टरांनी चष्मा काढला. "बाहेरून हसते आणि लपून स्वतःला इजा करते. हे लक्षण मला चांगलं वाटत नाही. अशी माणसं हसत हसत भलतं काही करून बसतात. मला तिला दाखल करून घ्यावं लागेल. वॉर्डात नजरेखाली राहील. काही दिवस."

आईला सगळं लख्ख कळलं. एका क्षणात कळलं. मंडळात आई नसायची, म्हणून पोर स्वतःच स्वतःला दाबत होती. दोनदा, आणि हसायची. दोनदा, आणि हसायची. या खोलीत त्या व्रणांचा अर्थ जाणणारी एकच बाई होती, आणि ती तोंडाला कुलूप घालून बसली होती.

सांगायला एक वाक्य पुरलं असतं. ते ओठांपर्यंत आलंही. पण त्या वाक्यामागे दुसरं होतं, त्यामागे तिसरं. शाळेतल्या बाई, ओला फ्रॉक, आणि डॉक्टरांना तोंडावर सांगितलेलं खोटं. आपलेच दात, आपलेच ओठ. समोर शिकलेली, सभ्य माणसं बसली होती आणि ती तिला चांगली आई समजत होती.

"बघा ना आई," डॉक्टर हळुवारपणे म्हणाले, "यात तुमचा काही दोष नाही."

तिने मान खाली घातली आणि सही केली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती नेमाप्रमाणे देवापुढे बसली. हात जोडले. रोजचं मागणं ओठांवर येईना. हिला चारचौघींसारखी कर. इतकी वर्षं आपण त्याच्यासमोर बसून त्याच्याच हातच्या कामाला नावं ठेवत होतो, हा विचार मनात आला आणि तिला त्या मूर्तीकडे बघवेना. न मागताच उठली.

वॉर्ड म्हणजे एक लांबलचक खोली होती. दोन्ही भिंतींना खाटा, छताला नळ्यांचा उजेड, भर दिवसाही पेटलेला. टीव्ही चालू होता आणि बघत कोणीच नव्हतं. एक बाई एकसारखी कुणाला तरी हाका मारत होती. चाकांच्या गाडीवर भांडी आदळत होती. लेक शेवटच्या खाटेच्या कडेवर ताठ बसली होती. मनगटाला पांढरी पट्टी.

"फार गोड आहे हो तुमची मुलगी," तिथली सिस्टर म्हणाली. "कसला त्रास नाही. कालपासून बघते आहे, जो जाईल त्याच्याकडे बघून हसते."

आई जवळ गेली. लेक हसत होती. ओठ कोरडे पडून मधोमध फुटले होते, त्यावर रक्ताचा बारीक ठिपका सुकला होता, तरी ती हसत होती. तेच मापातलं हसू. डोळे मात्र झोप न मिळाल्याने लाल झाले होते. तिने आईच्या भुवयांच्या मधोमध नजर ठेवली.

"आई, मी कालपासून हसते आहे," ती म्हणाली. "आता नेशील?"

आईला आधी समजलंच नाही. "नेणार तर. बरी झालीस की नेणारच आहे."

"तू म्हणाली होतीस. हसली नाहीस तर तुला इथेच ठेवून जाईन, न्यायला येणार नाही. मंडळात परवा मी एकदा हसायला विसरले. दाबलं होतं, तरी आलं नाही. म्हणून ठेवलंस ना?"

कधी म्हणालो आपण असं? आईला आठवायला वेळ लागला. कुणाच्या तरी घरून परतताना, जिन्यात, पोरीने यजमानीणबाईंकडे पाठ फिरवली म्हणून संतापून. म्हटलं आणि घरी पोचायच्या आत विसरून गेली. माणूस रागात किती काय बोलतो. पण हिला बोललेलं वाक्य जसंच्या तसं घ्यायची खोड. तिने ते घेतलं, जपून ठेवलं, आणि त्या भीतीच्या बळावर एवढी मोठी झाली. लोक ज्याला गोडवा म्हणत होते, ते हे होतं.

आई तिथेच खाटेच्या लोखंडी कडेला धरून उभी राहिली. लाज तिला आजवर पुष्कळदा वाटली होती, पण ती नेहमी मुलीची. स्वतःची लाज वाटण्याची ही पहिलीच वेळ, आणि ती लाज वेगळी होती. तिला लपायला जागाच नव्हती.

"हसू नकोस," ती म्हणाली. "माझे आई, नको हसूस आता. मी आलेच."

समुपदेशक बाई आपल्या खोलीत कागद चाळत बसल्या होत्या. आई दारातच म्हणाली, "मॅडम, ते मनगट माझं आहे."

"म्हणजे?"

तिने बाईंना हात पुढे करायला सांगितला. त्यांनी केला. आईने त्यांचं मनगट एकदा दाबलं. "म्हणजे वर बघ." दोनदा दाबलं. "म्हणजे हस." मग बराच वेळ दाबून धरलं. "म्हणजे गप्प बस. ती सहा वर्षांची असल्यापासून. तुमच्या मंडळात मी नसायचे, म्हणून स्वतः दाबायची. ती मरायला बघत नव्हती हो. ती तुमच्याशी नीट वागायला बघत होती."

बाई हसल्या नाहीत, रागावल्या नाहीत. मनगट तसंच आईच्या हातात ठेवून त्याकडे बघत राहिल्या. "आणि मी 'छान सहभाग' म्हणायचे," त्या शेवटी म्हणाल्या. "चला, डॉक्टरांकडे जाऊ."

डॉक्टरांसमोर आईने सगळं सांगितलं. किती उशिरा बोलू लागली, दुसऱ्यांचीच वाक्यं कशी परत म्हणायची, कोणी अंगाला हात लावला की कशी कळवळायची, तो समारंभ, त्या शाळेतल्या बाई. जिना. कपाटामागची फट. सांगताना तिने मान वर केली नाही.

"मी पहिल्याच दिवशी विचारलं होतं," डॉक्टर म्हणाले.

"खोटं सांगितलं."

"का?"

"तुम्ही मुलीला नाव ठेवाल असं वाटलं. म्हणजे मला."

डॉक्टर चष्मा काढून पुसत बसले. तो स्वच्छच होता. "मी एकदाच विचारलं," ते म्हणाले. "आणि तुम्हाला विचारलं. तिला एकटीला कधी विचारलं नाही. आत आली की हसायची, मला बरं वाटायचं, की माझं औषध लागू पडतंय. घरी मात्र खालावत होती. हे दोन्ही एकत्र कसं, असा प्रश्न मला पडायला हवा होता. तिला उदासी आहे, ती खरी आहे, त्यावर गोळ्या चालू राहतील. पण तिची जन्माची घडणच वेगळी असावी. ऑटिझम म्हणतात त्याला. नीट तपासणी करून घेऊ, मोठ्या बायकांमधला ऑटिझम ओळखणारं कुणी शोधावं लागेल, मला त्यातलं पुरेसं येत नाही. घडण वेगळी, हा काही आजार नव्हे. पण ती न बघता मी तिला इलाज काय सांगितला? गर्दी, गोंगाट, परक्याचा हात धरणं, आणि हसणं. ज्याने ती आजारी पडली, तेच मी तिला औषध म्हणून पाजलं."

समुपदेशक बाई खाली बघत होत्या. तिघांच्या त्या खोलीत वर बघणारं कोणीच नव्हतं.

त्याच दुपारी लेकीला वॉर्डातून हलवून टोकाच्या एका लहान खोलीत आणलं. डॉक्टरांनी स्वतः दिवा घालवला, पडदा अर्धा ओढला आणि खुर्ची तिच्या समोर न ठेवता बाजूला, खिडकीकडे तोंड करून ठेवली. आई नेहमीच्या सवयीने तिच्या शेजारी बसायला गेली.

"थांबा," डॉक्टर म्हणाले, आणि लेकीला विचारलं, "आईने आत बसावं का?"

लेक विचार करत राहिली. कोणी घाई केली नाही. आईला वाटलं, आता म्हणेल बसू दे. कधी एकटी राहिली नाही ती डॉक्टरसमोर. शब्द अडला तर कोण सांगेल?

"नको," लेक म्हणाली.

आई बाहेर आली. बाकावर बसली. जप करायला माळ काढली आणि तशीच मुठीत ठेवली. आत काय चाललं आहे ते ऐकू येत नव्हतं. आतून आवाजच नव्हता, बराच वेळ. आपल्याविषयी सांगत असेल. सांगू दे. तरी मनातलं एक वाकडं मन म्हणत होतं, सगळं नको सांगूस ग. त्या मनाचीही तिला लाज वाटली.

दार उघडलं तेव्हा लेक एकटीच बाहेर आली. चेहऱ्यावर काहीच नव्हतं. रागही नाही, हसूही नाही. धुतलेल्या पाटीसारखा स्वच्छ, सपाट चेहरा. इतक्या वर्षांत आईने तो जागेपणी क्वचितच बघितला होता.

"काय विचारलं त्यांनी?"

"त्यांनी प्रश्न कागदावर लिहून दिले. मग थांबले. मी एकेकाचा विचार केला."

"आणि काय सांगितलंस?"

"ते मी तुला सांगणार नाही," लेक म्हणाली. तिला त्यात वाईट बोलल्यासारखं काही वाटलं नसावं. "डॉक्टर म्हणाले, आज घरी जाऊ शकतेस. मंडळ बंद. उद्या परत, एकटीने."

आईच्या मनाला ते लागलं आणि ते लागायलाच हवं होतं, हेही तिला कळलं. तिने पिशवी उचलली.

बाहेर पडायची वाट मोठ्या दालनातून होती. संध्याकाळची गर्दी झाली होती. खुर्च्या भरलेल्या, लहान मुलं रडत होती, कोणीतरी नंबर पुकारत होतं. लेक दालनाच्या तोंडाशी क्षणभर थबकली. मग तिने दोन्ही हातांनी कान झाकले, कोपरं बाहेर काढली, आणि खाली फरशीवरच्या सांध्यांकडे बघत चालू लागली. माणसं बघू लागली. एक आजोबा बोलता बोलता थांबले. एका बाईने आपल्या मुलाला हाताशी ओढून घेतलं आणि शेजारणीच्या कानाशी काहीतरी पुटपुटली.

आईच्या मानेवरून ती जुनी ऊब चढत वर आली, गालांपर्यंत, कानांपर्यंत. ती गेली नव्हती. इतक्या लवकर जाणारीही नव्हती. तिने पावलं भरभर उचलली, लेकीला गाठलं आणि तिला हात न लावता तिच्या पुढे झाली.

"जरा वाट द्या," ती लोकांना म्हणाली. आवाज बारीक होता, म्हणून तिने पुन्हा म्हटलं. "माझ्या मुलीला आवाजाचा त्रास होतो. जरा वाट द्या."

लोक बाजूला झाले.